साय न धरणारं दूध

एम.एस्सी.साठी मी लंडनमधल्या जुन्या दूध-तपासणीवर प्रबंध लिहीत होतो. शंभर वर्षांपूर्वी इथले इन्स्पेक्टर गवळ्याला भर रस्त्यात थांबवून दुधाचा नमुना घेत, हे मी आईला सांगायचो. सुनेच्या बाळंतपणासाठी ती वेम्बलीला आमच्याकडे आली होती. मला शिकवायला तिने फार कष्ट काढले होते, म्हणून ती हे सगळं मन लावून ऐकायची.

दुकानातलं दूध ती रोज तापवायची आणि रोज हिरमुसायची, कारण त्यावर साय धरतच नव्हती.

"सुनेला घरचं तूप देता येत नाही, तर इथे राहून करू काय? परत जाते मी. आणि तुझे ते इन्स्पेक्टर झोपलेत का? सरळ पाणी घातलंय यात."

"पाणी नाही गं आई. इथे साय दुधातच घोटून मिसळतात."

"कशाला?"

शनिवारी मी न घोटलेलं, सोनेरी झाकणाचं दूध शोधून आणलं. तापवून गार केल्यावर त्यावर जाड, पिवळसर साय आली. आईने ती बोटाने उचलून पाहिली.

"हा गवळी बरा दिसतोय," ती म्हणाली आणि तिने विरजणाला दही मागितलं. परत जायचा विषय मग निघाला नाही.