रंग आंटीचा, लाकूड अंकलचं

माझ्या बास गिटारचा काळा रंग कोपऱ्याकोपऱ्यांवर उडाला होता. गिटार सेकंडहँड घेतलेली, आधीच्या मालकाने ती कुठे कुठे आपटली होती देव जाणे. मी दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि शनिवार-रविवारी मैत्रिणींच्या बँडमध्ये बास वाजवते. चार जाड तारांचं हे वाद्य गाण्याच्या तळाशी चालतं. वाजत असतं तेव्हा त्याच्याकडे फार कुणाचं लक्ष नसतं, थांबलं की मात्र गाण्यातून काहीतरी गेल्यासारखं वाटतं. आमची ड्रमर एकदा वैतागून म्हणाली, "यार, त्या काळ्या ठोकळ्याचं काहीतरी कर ना. मरोळच्या गावठाणात एक आंटी आहेत, काय झकास रंगवतात माहितीये?"

म्हणून एका रविवारी सकाळी मी दहिसरहून मरोळला गेले. नव्या इमारतींच्या मागे जुनं गाव अजून आहे. वळणावळणाच्या गल्ल्या, बुटकी कौलारू घरं, नाक्यावर पांढरा क्रूस. आंटींच्या घराला लांबलचक पडवी होती आणि पडवीच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला आंटी, दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान. मला आधी वाटलं, भांडण झालंय.

"भांडण रोजचंच आहे," आंटी हसून म्हणाल्या. "पडदा त्यासाठी नाही. हा तिकडे लाकूड घासतो, ती धूळ माझ्या ओल्या रंगावर बसते."

आंटी साठीच्या. पूर्वी त्या चर्चमधल्या पुतळ्यांचे रंग उजळवायच्या, सेंट मेरीच्या निळ्या झग्याच्या सुरकुत्या, बाळाचे गाल. गिटारवर त्यांनी पहिल्यांदा ब्रश चालवला तो चर्चच्या क्वायरसाठी, आणि मग तेच काम वाढत गेलं. भिंतीवर तीन गिटार वाळत टांगल्या होत्या. एकीवर भला मोठा खेकडा होता आणि त्याच्या दोन नांग्यांनी तारांखालची जागा धरून ठेवली होती. दुसरी बोरिवलीच्या एका गरबा ऑर्केस्ट्राची, तिच्यावर आरसेकाम रंगवलेलं. मी न राहवून एका आरशाला बोट लावलं. सपाट! आंटी खूश झाल्या.

"सगळे हात लावून बघतात," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर काय काढू?"

मी उत्तर देणार तोच पडदा बाजूला झाला आणि अंकल बाहेर आले. उंच, वाकलेले, भुवयांवर भुसा. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी बास वाजवला होता. त्यांनी गिटार हातात घेतली, रंग उडालेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खाली लाकूड आहे गं पोरी."

"लाकूड सगळ्यांच्याच खाली असतं," आंटी म्हणाल्या.

गिऱ्हाईक दारात आलं की हे असं चालायचं, ते मला नंतर कळलं. आंटींचं म्हणणं, माणूस स्टेजवर उभा राहतो तो दिसायला. मग वाद्य का लपवायचं? अंकलचं म्हणणं, झाडाने इतकी वर्षं खपून एक नक्षी काढली आहे, त्यावर आपण आणखी काय काढणार? अंकल पूर्वी आवाजाचाही मुद्दा काढायचे. रंगाच्या जाड थराखाली लाकूड गुदमरतं, असं त्यांचं मत. मग आंटींनी त्यांना एकदा पडद्याआड बसवून भाच्याकडून दोन गिटार वाजवून घेतल्या, एक रंगवलेली, एक नुसती तेल पाजलेली. अंकलना फरक ओळखता आला नाही. हा किस्सा मला आंटींनी नाही, खुद्द अंकलनी सांगितला, तोही पोट धरून हसत. "तेव्हापासून आवाजाचं मी सोडलं," ते म्हणाले. "पण हाताला कळतं. हाताला मी खोटं पाडू शकत नाही."

मला तो माणूस तिथेच आवडला. मी म्हटलं, "अंकल, तुम्ही करा."

आंटींनी राग धरला नाही, फक्त बजावलं, "स्वस्तातल्या गिटारला काळा रंग कशाला देतात ठाऊक आहे? आत तुकडे जोडलेले असतात. काय निघेल ते निघेल, मग रडत माझ्याकडे येऊ नकोस."

पुढच्या रविवारी माझ्यासमोरच अंकलनी रंग काढायला घेतला. गरम हवेच्या गनने रंग फुगवायचा आणि पत्र्याच्या पातळ पात्याने तो खरवडायचा. काळी साल निघावी तसे पापुद्रे पडत गेले आणि आंटींचंच खरं ठरलं. तीन तुकडे जोडलेले होते. कडेचे दोन फिकट, मधला तपकिरी, शिवाय एका ठिकाणी खाच बुजवायला लांबी भरलेली. माझा चेहरा पडला. अंकलनी मात्र ओलं फडकं घेतलं आणि ते मधल्या तुकड्यावरून फिरवलं. लाकूड एकदम जागं झालं. गडद रेषा खालून वर जाऊन दोन फाट्यांत वळलेल्या, ओहोटीच्या वेळी वाळूवर उठतात तशा. पाणी वाळेपर्यंत आम्ही तिघंही बघत होतो. आंटीसुद्धा, पडद्याच्या फटीतून.

"आता?" अंकलनी विचारलं.

"असंच ठेवा. तिन्ही तुकडे दिसू देत."

काम अर्धवट असतानाच अंकल पडले. पडवीच्या ओल्या पायरीवरून पाय सरकला आणि उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर ते गुंगीत होते. आंटी बाहेर बाकावर बसल्या होत्या. नेहमी ताठ बसणारी बाई, त्या दिवशी भिंतीला टेकलेली होती. मला त्यांचा भार हलका करायचा होता, म्हणून मी म्हटलं, "आंटी, माझ्या गिटारची काळजी करू नका. आणि हवं तर तुम्ही रंगवूनच टाका, मला चालेल."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तो इथे आडवा पडलाय म्हणून मी त्याच्या कामावर रंग फासू?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

त्यानंतर त्या बाईने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या ऑर्डरी थांबवून त्या पडद्याच्या पलीकडे, अंकलच्या स्टुलावर जाऊन बसल्या. जन्मभर त्यांनी लाकूड झाकलं होतं. त्यांना खालचा पृष्ठभाग फक्त रंग धरण्यापुरता घासायची सवय. आता आधी जाड, मग मध्यम, मग पिठासारखा मऊ काचपेपर, आणि तोही रेषेच्या दिशेनेच. एक आडवा हात गेला की ओरखडा तेल पिऊन कायमचा उठून दिसतो. रंगाखाली चूक लपते, इथे लपत नाही. शुद्धीवर आल्यावर अंकल बेडवरून व्हिडिओ कॉल करायचे.

"कॅमेरा जवळ ने. तुझं तोंड नको दाखवू, लाकूड दाखव."

"लाकडाशीच लग्न करायचं होतंस ना!"

"घाई करतेयस. तेल आत जाऊ दे. आज पुसून ठेव, उद्या दुसरा हात."

मी फोन धरायचे. आंटींच्या बोटांना जवसाच्या तेलाचा वास लागला होता आणि नखांत नेहमीचा निळा-लाल रंग नव्हता. एका संध्याकाळी तेलाचा तिसरा हात पुसून झाला तेव्हा त्या फडकं हातात तसंच धरून गिटारकडे बघत राहिल्या. फोनवरून अंकल "काय झालं? काय झालं?" विचारत होते. मीच म्हटलं, "अंकल, छान दिसतेय."

अंकल घरी आले तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी गिटार मांडीवर मागितली आणि डावा तळवा डोळे मिटून तिच्यावर फिरवला. खालच्या वळणाशी हात थांबला.

"इथे आडवं घासलंस."

"दिसत नाही ते," आंटी म्हणाल्या.

"हाताला लागतं." मग ते म्हणाले, "बाकी माझ्यापेक्षा बरं केलंस." आणि मला वाटतं त्यांना काहीतरी परत करायचं होतं, कारण ते पुढे म्हणाले, "मागच्या बाजूला तुझं काहीतरी काढ. फूल काढ, मासा काढ. पोरगी नाही म्हणणार नाही."

मी खरंच नाही म्हटलं नसतं. पण आंटींनीच मान हलवली. "नको. हिला असंच शोभतं."

अंकलनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही कोर्टात मला साक्षीदार म्हणून बोलवायचं आहे.

मी गिटार दहिसरला घेऊन आले. बाबा मालवणकडचे, त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "ह्येका रंग नाय लावलंस? पैशे संपले काय?" पण नंतर माझं लक्ष नाही असं बघून त्यांनी तिच्यावर हळूच हात फिरवला. स्टेजवर लोक मला आता विचारतात, हे कुठलं लाकूड? मी सांगते, तीन वेगवेगळी, नावं मलाही माहीत नाहीत.

अंकलचा खांदा पुरता सुटला नाही. हात वर जात नाही, जोर लावता येत नाही. घासायचं जड काम आता आंटी करतात आणि अंकल शेजारी बसून तळव्याने तपासतात. परवा तारा बदलायला गेले तर मधला पडदा गुंडाळून वर बांधलेला. टेबलावर मुलुंडच्या एका बाईंची गिटार होती. त्यांना अर्धी रंगवलेली आणि अर्धी लाकडाची हवी आहे. आंटींनी पेन्सिलने लाटा आखल्या होत्या, अंकल खोडरबर घेऊन बसले होते.

"समुद्र इथपर्यंत," आंटी म्हणाल्या.

"ही गाठ बघ किती सुंदर आहे. ती बुडवणार तू?"

"भरती आहे रे बाबा!"

"भरती आहे म्हणून काय लोकांच्या घरात शिरणार?"

दोघांनी एकदम मला विचारलं, तूच सांग. मी चहा ठेवते म्हणाले आणि आत गेले.