घरच्या जुन्या कापडाची कुंची

किशनरावांना दात पाहून बैलाचं वय सांगता येतं. ढगाचा रंग पाहून खळ्यावरची रास झाकायची की राहू द्यायची, हेही ते ठरवतात. पण कुणाला काय भेट द्यावी, हे त्यांना आजवर कधी ठरवावं लागलं नव्हतं. ते काम लक्ष्मीबाईंचं. लग्न असो की बारसं, लक्ष्मीबाई दुकानात बसून लुगड्यांच्या घड्या मोडायच्या आणि किशनराव बाहेर पिशवी धरून उभे राहायचे. साठी उलटली तरी यात फरक पडला नव्हता.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या मैदानात भरलेल्या बचत गटांच्या प्रदर्शनात एकट्यानं शिरताना त्यांना परक्या वावरात पाय ठेवल्यासारखं झालं. बांबूचे आकाशकंदील, मण्यांची तोरणं, गोधड्या, कुरडयांच्या पिशव्या. कोपऱ्यात निलंगा राईसच्या पातेल्याभोवती गर्दी. प्रत्येक टेबलामागून कुणीतरी म्हणत होतं, "या मामा, बघायला काय जातंय!" किशनराव मान हलवत पुढं सरकत होते. त्यांना एकच वस्तू हवी होती. कुंची.

त्यांची लेक तनुजा नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी शिरूर अनंतपाळजवळच्या गावी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग लक्ष्मीबाईच नांदेडला जाऊन राहिल्या. बाळंतपणाआधी एकदा घरी येऊन बाळाची कुंची शिवू, असं त्या धरून चालल्या होत्या. नातीनं तेवढी सवड दिली नाही; ती आधीच आली. बारसं उद्यावर आलं आणि कुंची शिवायची राहिली.

फोनवर त्यांनी नवऱ्याला नीट सांगितलं होतं. "ट्रंकेत माझं हिरवं इरकल लुगडं हाय, जुनं. ते घ्या. लातूरच्या प्रदर्शनात निलंग्याची दानम्मा म्हणून बाई बसती मशीन घिऊन. तिच्याकडून शिवून घ्या. पयली कुंची माहेरच्या जुन्या कापडाचीच लागती. ध्यानात ठिवा."

किशनरावांनी ट्रंक उघडून इरकल काढलंही. दारातल्या उजेडात धरलं, तर कापडातून अंगणातली तुळस दिसत होती. दोन ठिकाणी रफू, पदराशी एक ठिगळ. त्यांना तनुजाच्या लग्नातली एक गोष्ट आठवली. मांडवात त्यांनी दिलेल्या आहेराच्या साडीचा काठ व्याह्यांच्या बहिणीनं, सुमनबाईंनी, दोन बोटांत धरून पाहिला होता आणि काही न बोलता साडी बाजूला ठेवली होती. एवढंच. पण किशनरावांच्या मनातून ती दोन बोटं गेली नव्हती. त्यांनी इरकल खुंटीला अडकवलं आणि मोकळी पिशवी घेऊन एसटी गाठली. पहिली नात आहे, नवं घेऊ, चांगलं चमकणारं.

दानम्माचं टेबल शेवटच्या रांगेत होतं. पन्नाशीची बाई, कपाळावर भस्माचा पट्टा, समोर हातमशीन. मागे दोरीवर कुंच्या टांगलेल्या: गुलाबी, जांभळ्या, जरीच्या, गोंड्यांच्या. किशनरावांनी लाल सॅटीनची एक निवडली.

"ही द्या, आक्का."

"बाळ किती दिवसाचं हाय, अण्णा?"

"उद्या बारसं हाय."

दानम्मानं कुंची परत दोरीला लावली. "मग ही न्हाई. ही पुढं, फोटोबिटो काढायला. पयल्या अंगाला नवं टोचतंय. घरचं कापड आणलाव का?"

"न्हाई आणलं."

"घरात कुणी बाई न्हाई का सांगायला?"

"हाय की," किशनराव म्हणाले, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला.

"पोचलाव का?" लक्ष्मीबाईंचा आवाज एवढा मोठा, की दानम्माला वेगळा ऐकवायची गरज नव्हती. "इरकल दिलं का तिला?"

किशनरावांनी मोकळी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "इरकल घरी हाय."

"इसरलाव?"

"इसरलो न्हाई. ठिवून आलो. लई इरलंय गं ते. त्या लोकांम्होरं असलं चिंधूक नेऊन काय..."

मग लक्ष्मीबाईंनी हळू आवाजात विचारलं, "अवो, त्या चिंधकात तनुजा वाढली. तिला गुंडाळायला दुसरं काय व्हतं आपल्याकडं? मला तेच तिच्या लेकीच्या अंगावर बघायचं व्हतं."

गावी जाऊन यायचं तर नांदेडची गाडी चुकणार, आणि बारसं सकाळीच. किशनरावांनी फोन तसाच कानाशी धरला.

दानम्मा मात्र त्यांच्या डोक्याकडे बघत होती. "डोक्याला काय हाय, अण्णा?"

डोक्याला रुमाल होता, नेहमीचा पांढरा. किशनरावांच्या ट्रंकेत आहेरात आलेले कोरे रुमाल ढिगानं पडले होते, पण नवा रुमाल डोक्यावर बसत नाही, नुसता उभा राहतो, अशी त्यांची तक्रार. हा एकच ते वर्षानुवर्षं बांधत आले. लक्ष्मीबाईंच्या हातच्या धुण्यानं तो सायीसारखा मऊ झाला होता.

"काय म्हणती ती?" लक्ष्मीबाईंनी फोनमधून विचारलं.

"माझ्या रुमालाकडं बघायलीय."

आणि लक्ष्मीबाई एकदम हसल्या. "लेकीच्या घरी जुनं न्यायची लाज वाटली, आन डोक्यावर काय कोरं बांधून निघालाव व्हय? धुतलाय का तरी?"

"राती धुतला."

"मग द्या तिला. बापाचं बी माहेरचंच असतंय."

चारचौघांत रुमाल सोडायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. त्यांनी पाठ वळवली, वेढे उलगडले, आणि टक्कल हातानं झाकत कापड दानम्मापुढे ठेवलं. दानम्मानं ते गालाला लावून पाहिलं. "अय्यो, लोणी हाय की!" तिनं एका टोकाकडून लागेल तेवढंच कापलं. "उरलेलं बांधा, अण्णा. सगळं कशाला घिऊ?"

काठाला तिनं हिरव्या खणाची नवी पट्टी लावली. काठाला नवं चालतं म्हणाली. मशीनचं चाक एका हातानं फिरवत, दुसऱ्यानं कापड सरकवत ती शिवत राहिली. शेजारची गर्दी वाढली, ओसरली. शेवटी कपाळाशी एक लाल गोंडा टाचून तिनं कुंची त्यांच्या हातावर ठेवली. "गरम पाण्यातनं काढा, मंग लेकराला घाला."

उरलेला रुमाल तोकडा झाला होता. नेहमीचे वेढे बसेनात, कानाच्या वर डोकं उघडं राहू लागलं. नांदेडच्या गाडीत किशनराव सगळ्या वाटेनं तो सारखा करत होते.

बारशाला घर बायकांनी भरलं होतं. व्याही व्यंकटराव मूळचे बिलोलीकडचे; आता नांदेडला फरशी चकाकणारं घर. पाळण्याला फुगे, आणि शेजारी भेटींचा ढीग, सगळा गुळगुळीत कागदात बांधलेला. लक्ष्मीबाईंनी रात्रीच गरम पाण्यातून काढून वाळवलेली कुंची कागदाशिवाय, तशीच ताटात ठेवली होती. किशनराव दाराशी उभे होते. सवयीनं, पिशवी धरून.

सुमनबाई पुढं झाल्या. त्यांनी कुंचीचा काठ दोन बोटांत धरला. किशनरावांनी नजर फरशीकडे वळवली.

"कशाची हो ही?"

"ह्यांच्या रुमालाची," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सगळ्या बायका वळून दाराकडे बघू लागल्या. तोकड्या रुमालातून बाहेर आलेलं ते डोकं, आणि ताटातलं तेच पांढरं कापड. एक पोरगी फिस्सकन हसली. सुमनबाई हसल्या नाहीत. बोटांतलं कापड त्यांनी तळव्यात घेतलं, एकदा चुरगाळून पाहिलं.

"आमच्या आईनं अशीच आणली व्हती माझ्या थोरल्याला," त्या म्हणाल्या. "आता असलं कुणी देत न्हाई. सगळं टोचतंय." आणि त्यांनी आत्याआजीच्या मानानं ती स्वतःच बाळाच्या डोक्यावरून घातली. बाळानं तोंड वाकडं केलं, एकदा जांभई दिली आणि झोपून गेलं.

जेवणं झाल्यावर व्यंकटरावांनी आहेराचा कोरा रुमाल आणला. "बांधा की पाव्हणं, तुमचा तर निम्माच राहिलाय."

किशनरावांनी तो कपाळाला लावला, घडी न मोडता पिशवीत ठेवला. "बसायला टाइम लागतो ह्याला," ते म्हणाले.

निघताना लक्ष्मीबाई फाटकापर्यंत आल्या. अजून महिनाभर त्या तिथंच राहणार होत्या.

"खुंटीवरचं इरकल काढून ट्रंकेत ठिवा," त्या म्हणाल्या. "उंदरं लागतील."

"आता कशाला ते?"

"दुसरं लेकरू काय कागदात गुंडाळायचंय?"