फुलबॅक

“मले बॉल दिसला. मानूस दिसलाच नाही.” एवढं बोलून दादा उजवा पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. पुढं विचारलं, तर म्हणायचे, “सोड ना बे.”

मी स्टील प्लांटमध्ये नवा लागलो तेव्हा ते तिथल्या रोलिंग मिलमधले सीनियर. प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमध्ये, माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहायचे. भंडाऱ्याकडचे. धान निघालं की शेताच्या रिकाम्या बांधीत अनवाणी फुटबॉल खेळून शिकलेले, आणि त्या खेळावरच नोकरीला लागलेले. जुने लोक सांगत, हा फुलबॅकला उभा असला की समोरची टीम दुसऱ्याच बाजूनं यायची.

मग डिपार्टमेंटांच्या फायनलमध्ये ते बॉलवर झेपावले आणि समोरचा फॉरवर्ड कोसळला. गुडघा असा मोडला, की तो माणूस पुन्हा कधी काठीशिवाय चालला नाही. राज्याच्या टीमची निवड पंधरा दिवसांवर होती. दादा गेलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी बॉलला पाय लावला नाही.

खरंच नाही. ब्लॉकमधल्या पोरांचा बॉल घरंगळत आला, तर वाकून दोन्ही हातांनी उचलायचे आणि दुधाचं भांडं न्यावं तसा नेऊन द्यायचे. पोरं ओरडायची, “दादाजी, किक मारो ना!” तुम्हीही हसला असता. आम्ही हसायचो.

दर रविवारी ते कुरुदला त्या फॉरवर्डच्या घरी जायचे. तीस वर्षं. एकदा मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. दोघे अंगणात बसले. “चहा घेता?” “घेऊ.” दोन तासांत एवढंच बोलणं.

परतताना मी म्हटलं, “दादा, तुम्ही काहीच बोलले नाही.”

“काय बोलू? मी त त्यायचा पाय खाल्ला.”

तो माणूस आधी गेला. पुढच्या रविवारी दादा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी विचारलं, “कुठं निघाले?” “कुठं नाही,” म्हणाले, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले. वर चला, चहा घ्या, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

वर्षभरात दादाही गेले. अंत्ययात्रेला आम्ही सात-आठ जण. त्या फॉरवर्डची मुलगी रायपूरहून बसनं आली होती. सगळं उरकल्यावर ती माझ्याजवळ आली.

“काका, गलती बाबाचीच होती. फाउल घ्याले त्यायनंच पाय मधी टाकला होता. मरायच्या आधी मले सांगितलं.”

“मग दादांना कावून नाही सांगितलं?”



“मी बी हेच विचारलं. त बाबा म्हणे, सांगून देलं त हा मानूस येनं बंद करन. मंग माह्याकडे कोन येईल?”