डब्याला पोत्याची गाठ

बारदानाचा वास आला की मला लातूरच्या बसस्टँडवरचा तो डबा आठवतो. बारावीच्या क्लाससाठी मी तिथं खोली करून राहत होते आणि आई गावाकडून रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवायची. परीक्षा आठवड्यावर आलेली. त्या दिवशी कंडक्टरकाकांनी डबा हातात दिला, पण फडक्याची गाठ काही सुटेना. दात लावले तर बारदानाचा वास आला अन् ओळखलं, ही आईची गाठ नाही. आडतीवर हमाली करणारा माझा बाप पोत्याचं तोंड असंच आवळतो. आत भाकऱ्या जाडजूड, कडेनं करपलेल्या. जीव राहिना, त्याच एसटीनं घरी गेले. आई आदल्या दिवशी घसरून पडली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. मला बघताच ती बापावर ओरडली, "परीक्षा होईस्तोवर लेकीला कळू द्यायचं न्हवतं! म्हणलं न्हवतं, गाठ सैल मारा?" बाप खाली बघत म्हणाला, "हाताला तीच सवय हाय." मग मला हळूच, "भाकरी खाल्लीस का गं?" "लई गोड होती," मी म्हणाले. "मग जा माघारी, क्लास बुडतोय," तो म्हणाला. परीक्षा संपेपर्यंत रोज तीच गाठ आली. आज घरातली पहिली पदवी माझी आहे, पण एखादी गाठ सुटेना झाली तर मी अजून कात्री शोधत नाही, दातच लावते.