वाट कोणाला विचारावी

वीस वर्षं झाली, केडगावहून मोटारसायकलवर निघून मी चिंचेची झाडं उक्ती घेतो. झाडाखाली उभं राहायचं, माल किती निघेल ते नजरेनं ठरवायचं आणि किमतीवर भांडायचं. बाप हमाल होता. हे मला कोणी शिकवलं नाही. वस्त्याही मी माणसांना विचारूनच शोधल्या. मोबाईलचा नकाशा पाटाच्या कडेला आणून "पोहोचलात" म्हणतो, आणि वस्ती पाटापलीकडे असते.

यंदा कर्जतकडच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला: अकरा झाडं आहेत, बारापर्यंत या, नाहीतर दुसऱ्याला देतो. साडेदहाला मी त्याच्या शिवारात होतो. फोन लागेना. फाट्यावर एक जण कडब्याची गंजी रचत होता, त्याला विचारलं.

"चिंचावाली वस्ती व्हय? लई पुढं हाय, पावनं. पाट वलांडा, देवळापसनं डावीकडं सुटा, पार शेवटाला जावा." वर तांब्याभर पाणीही पाजलं.

गेलो. खडी, मग ओढा, मग काटेरी कुंपण आणि वाट संपली. तिथल्या म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आरं बाबा, ती वस्ती फाट्यावरच हाय की. उलटा जा."

परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. त्या गंजीमागूनच पायवाट खाली ओढ्याकडे उतरत होती. अकराच्या अकरा झाडं लगडलेली, आणि खाली दुसरा व्यापारी सौदा करून चहा पीत बसलेला.

"वाट कुनाला इचारली?" मालकानं विचारलं. मी गंजीकडं बोट दाखवलं. तो पोट धरून हसला.

"सख्खा भाऊ हाय माझा. बांधावरनं बोलनं न्हाई आमचं."

"मग त्याला जाब विचारा की! तुमच्या दारचं गिऱ्हाईक फिरवलं त्यानं."

"जाब कशाला? मीबी सोडत न्हाई. परवा त्याच्या पोरीला बघायला पावनं आल्ते, पार राशीनला धाडले."

सख्खी पुतणी! आणि हे सांगताना गडी मिशीवरून हात फिरवत होता. मी बाजारात जन्मभर खोटं बोललो, चांगल्या मालाला नावं ठेवली, भाव पाडले. पण वाट विचारणाऱ्याला कधी चुकवलं नाही.

"बसा, चहा घ्या," तो म्हणाला. "आता वाट कळली की. पुढल्या साली या."

कप तसाच ठेवून मी उठलो. पुढल्या साली जाईन, असली झाडं कोण सोडतो! त्या घरचा चहा मात्र घेणार नाही. पाणीसुद्धा नाही.