साडूंचा समुद्र

समुद्राबद्दल आमच्या साडूंइतकं जाणणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि गेल्या दिवाळीपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान भूगोलाचे शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, त्यांची बायकोही सरच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. रोज सकाळच्या गाडीने परभणीहून चुडाव्याला उतरायचं आणि पुढे एका खेड्यातल्या शाळेत जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. वाटेत पिंगळी आलं की ते डब्यातल्या लोकांना स्टेशनची पिवळी पाटी दाखवत. तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. "आपन समुद्राच्या किती वर बसलोत बगा," असं ते इतक्या कौतुकाने सांगत की भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायाही मान डोलावत.

त्यांचा भरती-ओहोटीचा तास तर आसपासच्या गावांत गाजलेला. पुढच्या रांगेतली पोरं म्हणजे किनारा, मागची पोरं म्हणजे लाटा आणि सर स्वतः चंद्र. चंद्र खुर्चीवर चढला की लाटा सरपटत यायच्या आणि किनाऱ्याची दप्तरं ओढून न्यायच्या. चंद्र खाली उतरला की दप्तरं परत. या धड्याला पोरं शाळा बुडवत नसत. आज बापे झालेली, मिशा फुटलेली माणसं सरांना रस्त्यात अडवून "सर, मी लाट होतो," अशी ओळख देतात.

सरांचं दुसरं वेड म्हणजे पाणी. आमच्याकडे नळ रोज येत नाही. त्यामुळे त्यांचा फोन आला की आधी "जय भीम", मग लगेच "पानी आलं का?" आणि त्यानंतर बाकी जग. नळ आला की ते घरातली एकही वस्तू कोरडी ठेवत नाहीत. एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना चहाच्या किटलीतसुद्धा पाणी भरून ठेवलेलं होतं आणि चहा पातेल्यातून मिळाला.

तर असे हे सर मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या घरी आले आणि चहा पिऊन बशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "एक गोष्ट मनाला लागलीय. सहावीतल्या एका पोरीनं वर्गात विचारलं, सर, तुमी समुद्र बगितलाव का? मी म्हनलो, लय वेळा." मी हसलो. ते हसले नाहीत. "मे महिन्यात रिटायर व्हायलोय मी. त्याच्या आत हे खरं करून टाकायचंय. जन्मभर शिकवलं आन् शेवटी खोटं बोलून जायचं का?" तेव्हा मला कळलं की हे प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही. चारचौघांत मात्र कारण वेगळं सांगायचं ठरलं. आमची आरोही सात वर्षांची आणि सम्यक चार वर्षांचा. "लेकरांना समुद्र दाखवायचाय," असं सरांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या लेकरांचीही समजूत अशी की काकांना समुद्र तोंडपाठ आहे.

दिवाळीत आम्ही गाडी करून कोकणात निघालो. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. सरांनी घेतले होते परभणीच्या पाण्याचे तीन मोठे कॅन. "समुद्राकाठी प्यायचं पानी कुठं असतंय? भूगोल कच्चा हाय तुमचा," असं म्हणून ते एक कॅन मांडीवर घेऊनच बसले. उतरायच्या घरी पोचलो, न्हाणीत नळ सोडला, पाणी आलं आणि सर खुळ्यासारखे धावले. बादल्या, तांबे, मोकळा डबा, सम्यकची वाळूत खेळायची बादली, सगळं काठोकाठ भरलं. घरमालकीण बघत उभ्या राहिल्या. "अहो, आमच्या विहिरीला बारमाही पाणी असतं. नळ कधीच जात नाही," त्या म्हणाल्या. सर कॅनचं झाकण घट्ट करत म्हणाले, "असंच वाटत असतंय, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. सर चालता चालता थांबले. लेकरं ओरडत पुढे पळाली, बायका साड्या सावरू लागल्या, आणि सर हातातली सतरंजी छातीशी धरून नुसते बघत राहिले. मग एकदम भानावर येऊन त्यांनी कारभार हाती घेतला. गोदावरीला गेलं की आपण अगदी पाण्याजवळ बसतो, तसंच त्यांनी केलं. पाणी लांब आत गेलेलं होतं. ओल्या, सपाट, स्वच्छ वाळूवर सरांनी सतरंजी अंथरली, कडेला चपला ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "एवढी चांगली जागा, आन् कुनीच बसंना! सगळे तिकडं वर कोरड्यात बसलेत येड्यासारखे."

धपाटे खाऊन झाल्यावर त्यांनी समुद्राकडे पाठ करून, रव्याचा लाडू हातात धरून लेकरांना धडा सुरू केला. लाडू म्हणजे चंद्र. पृथ्वी म्हणून सम्यकला उभं केलं. चंद्र पृथ्वीभोवती फिरत होता, पृथ्वी त्याला खायला बघत होती, आणि आम्ही मोठी माणसं ऊन खात पेंगत होतो. तेवढ्यात आरोही ओरडली, "काका, भरती आली!"

"थांब बाळा," सर म्हणाले, "अजून चंद्राचं व्हायचंय."

चंद्राचं काही झालं नाही. पुढच्या लाटेने सतरंजी भिजवली, चटणीचा डबा उलटा केला आणि सरांची एक चप्पल उचलून नेली. मी एक लेकरू काखेत मारलं, बायकोने दुसरं. वहिनी दशम्यांचं गाठोडं डोक्यावर धरून हसत हसत वर पळाल्या. सर एका पायात चप्पल घालून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, हातात लाडू तसाच.

सगळं शांत झाल्यावर आरोहीने त्यांना विचारलंच. "काका, तुम्हाला कळलं कसं नाही? तुम्ही पहिल्यांदाच आलात का?"

मी घाईघाईने काहीतरी बोलायला गेलो, पण सरांनी मला हाताने थांबवलं. मग म्हणाले, "हो गं. पहिल्यांदाच."

"मी पण," आरोही म्हणाली. "मग हात धरा माझा." आणि ती त्यांना पुन्हा पाण्याकडे घेऊन गेली. मला त्या क्षणी दोघांबद्दलही फार माया वाटली.

परत आल्यावर सर वर्गात गेले ते कॅनमध्ये समुद्राचं पाणी घेऊनच. प्रत्येक पोराच्या बोटावर थेंब टाकून चव घ्यायला लावली आणि मग सांगून टाकलं की तेव्हा मी खोटं बोललो होतो, आता मात्र बघून आलोय आणि एक चप्पल देऊन आलोय. वर्ग खूप हसला. ती प्रश्न विचारणारी पोरगी उठून म्हणाली, "सर, आमाला म्हाईत होतं. लय वेळा म्हनताना तुमी फळ्याकडं बगत होताव."

"माहीत होतं तर बोलली का न्हाईस?" सरांनी विचारलं.

"तुमी सांगत होताव ते आवडत होतं, सर."

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं. मे महिन्यात ते निवृत्त झाले. आता सकाळची गाडी त्यांच्याशिवाय जाते आणि पिंगळीची पाटी कुणी कुणाला दाखवत नाही. त्यांच्या गॅलरीत मात्र तो कॅन अजून आहे, तळाशी थोडं खारं पाणी उरलेलं. नळ आला की वहिनी तोही भरायला मागतात. सर म्हणतात, "तेवढा राहू दे."