गोठ्यामागची माती

माझी बहीण क्रांती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा चांगली पैलवान. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला एकोणीस वर्षं लागली.

पलूसजवळच्या आमच्या गावात तालीम म्हणजे पोरांची जागा. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, आणि बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही असा नियम. तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. आमचे वडील लालासाहेब फौजेतून निवृत्त झाले आणि मला पैलवान करायचं त्यांनी मनावर घेतलं. दोन म्हशी आणल्या. एकीचं दूध घरात, दुसरीचं फक्त माझं. सकाळी माझ्या जोर-बैठका झाल्या की क्रांती किटली घेऊन यायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहायची. मी दूध पिऊन होईपर्यंत ती आत बघत असायची. मला वाटायचं, किटली परत न्यायला थांबलीय.

दरवर्षी नागपंचमीच्या आधी आम्ही हौद्यातली माती खणतो. थोडी जुनी काढून नवी घालतो, त्यात ताक, तेल, हळद मिसळतो. काढलेली माती कुठंही टाकायची नाही, ती पायदळी येऊ द्यायची नाही. म्हणून वडील ती आमच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या पडवीत ठेवायला सांगायचे. घमेली डोक्यावरून मीच वाहिली. एकदा म्हशीचं दावं शोधत मागं गेलो, तर क्रांती त्या मातीत उभी. समोर उसाचं पाचट भरलेलं पोतं. त्या पोत्याला तिनं ढाक लावली आणि असं आपटलं की पत्रा थरथरला. डाव माझाच होता. मला तो दोन वर्षं घोटून जमला होता.

मी तालमीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. सगळे पोट धरून हसले. हसण्यात मी सगळ्यात पुढं होतो.

क्रांती बारा वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिला पलूसला स्पर्धेला नेलं. तिथं तिनं तीन पोरींना चीतपट केलं आणि ढाल घेऊन घरी आली. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या दुधाचा तांब्या उचलला, निम्मं दूध दुसऱ्या तांब्यात ओतलं आणि तिच्यापुढं सरकवलं. लोक मला म्हणतात, तुझं करिअर गुडघ्यानं संपवलं. मला विचाराल तर ते त्या सकाळी संपलं. दूध निम्मं झालं म्हणून नाही. वडिलांनी ओतताना माझ्याकडं बघितलं नाही म्हणून.

पुढं ती सांगलीला, साताऱ्याला मॅटवर खेळली. केस कापले, कान मोडून घेतले. पैलवानाचा कान मोडतो, सुजून गड्ड्यासारखा होतो. आम्ही तो मिरवतो. पोरीचा मोडल्यावर भावकीतल्या बायकांना निमित्तच मिळालं. "आता हिला कोण करून घ्यायचं?" असं आईला तोंडावर विचारायच्या. पाहुणे बघायला आले की आई रंगूबाई तिला कानावर पदर घ्यायला सांगायची. क्रांती पदर घ्यायची नाही. चहाचा ट्रे ठेवायची आणि म्हणायची, "कान बघा आदी, मग च्या प्या." तीन स्थळं च्या न पिता गेली. चौथ्यानं कान बघून कप रिकामा केला. तो सुमंत, पाटणच्या शाळेत मास्तर. आता क्रांतीही तिथंच पोरींना कुस्ती शिकवते.

ज्या वर्षी ती राज्य स्पर्धेत पदक घेऊन आली, त्याच वर्षी शिराळ्याच्या मैदानात माझा गुडघा गेला. गावानं वेशीवर तिचा मोठा फ्लेक्स लावला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत टपाल तिकिटाएवढा माझा फोटो होता. डावीकडून सातवा. येताजाता मी तोच बघायचो. अंगाची लाहीलाही व्हायची, तरी बघायचो.

वडील गेले. आम्हाला डाव शिकवणारे तालमीचे वस्तादही गेले. तालमीची किल्ली माझ्याकडं आली आणि लोक मला वस्ताद म्हणू लागले. क्रांतीला बाकी सगळं मिळालं असेल, पण ही किल्ली मिळाली नव्हती. उंबऱ्याच्या आतली ती वीस बाय वीसची जागा अजून माझी होती.

या वर्षी तालीम कमिटीचा अध्यक्ष धनाजी माझ्याकडं आला. "जयराज, पंचमीला क्रांती म्हायेराला येतीया. नारळ तिच्या हातनं फोडायचा आन् पयली कुस्ती पोरींची लावायची. समद्यांचं ठरलंय."

"ठरलंय तर ठरलंय," मी म्हणालो. आत मात्र नुसता धुमसत होतो.

पंचमीला आमच्याकडं जमिनीला कुदळ लावत नाहीत. नांगर नाही, खुरपं नाही, नागोबाला लागेल म्हणून. त्या दिवशी माती बिघडली तर ती उलथून सुकवता येत नाही. मग कुस्ती पुढच्या वर्षावर. आणि आमच्या गावात पुढच्या वर्षावर गेलेली गोष्ट परत येत नाही. हे सगळं मला नीट माहीत होतं. पंचमीच्या सकाळी पोरं जमायच्या आधी मी तालीम उघडली, टाकीची नळी हौद्यात सोडली आणि अर्धा तास उंबऱ्यावर बसून राहिलो. ज्या मातीला मी लहानपणापासून पाया पडत आलो, तिचा मी चिखल केला. मग गुडघाभर चिखलात उतरून नळी काढली आणि कोपऱ्यात टाकली.

दहा वाजता गाव जमलं. नवं लुगडं नेसून क्रांती आली. मागं गावातल्या सहा पोरी, वेण्या बांधलेल्या. धनाजी आत डोकावला आणि कपाळावर हात मारून घेतला. "आयला, ह्यो तर चिखल हाय! आन् आज तर कुदळबी लावता येत न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. क्रांतीनं हौद्याकडं बघितलं, कोपऱ्यातल्या नळीकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुजी इजार भिजलीया गुडघ्यापतुर."

मला वाटलं, आता हिनं एक शब्द काढला की माझी अब्रू गेली. ती मागं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रातच्याला टाकी गळली असंल. व्हतंय असं. चला, आमच्या गोठ्यामागं जाऊ."

"तितं काय हाय?" धनाजीनं विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "माती हाय. जयराजनंच आणून टाकल्याली. दरसाली पंचमीच्या आदी म्या खणती. ताक घालती, त्याल घालती. पोर म्हायेराला आल्यावर तिला खेळू वाटलं तर?"

मला घरातलं ताक आठवलं. श्रावणात ताकाचं मडकं सकाळीच रिकामं असायचं आणि मी आईवर खेकसायचो, "ताक कुठं जातं सगळं?" ती मडकं धुवायला घ्यायची.

गाव उठून आमच्या गोठ्यामागं गेलं. तालमीतली माझी पोरंही गेली, एकही मागं राहिला नाही. मी रिकाम्या तालमीला कुलूप लावलं. नुसता चिखल आत असताना कुलूप कशाला लावलं, कोण जाणे. किल्ली मुठीत धरून मीही गेलो आणि पडवीच्या बाहेर, पत्र्याच्या खांबाजवळ उभा राहिलो. पूर्वी क्रांती तालमीबाहेर उभी राहायची तसा.

नारळ फुटला. दोन पोरी मातीत उतरल्या. पहिली कुस्ती लावायला वस्तादानं दोघींचे हात मिळवून द्यायचे असतात. क्रांतीनं मला हाक मारली, "दादा, ये की. वस्ताद तू हायस."

दया म्हणून बोलावलं असतं तर मी गेलो नसतो. पण तिच्या आवाजात दया नव्हती. कुस्ती खोळंबली होती आणि तिला वस्ताद हवा होता, एवढंच.

मी चपला काढून आत पाऊल टाकलं आणि पाय घोट्यापर्यंत रुतला. इतकी मऊ, इतकी मुरलेली माती माझ्या तालमीत एकाही वर्षी झाली नव्हती. मी पोरींचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि बाजूला झालो. गाव टाळ्या वाजवत होतं. मी खाली पायांना लागलेल्या मातीकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, मला त्या मातीचाही हेवा वाटला.